तांब्याला लागून राहिलेलं कापड

मिलिंद,

तुझ्या अंगावर शाली पडत होत्या तेव्हा मी त्यांचा पोत बघत होतो. धंद्याची सवय, मयतातही सुटत नाही. एकीतही सुताचा धागा नव्हता. सगळा पॉलिस्टरचा माल, काठाला जर म्हणून पिवळी चकाकी, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच दुकानातून गेलेल्या. सकाळी फळ्या काढतो न काढतो तोच जीप येऊन थांबली होती. "जरा उठावदार दाखवा शेट, चारचौघांत घालायच्यात," आत आलेला माणूस म्हणाला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निवडणूक तोंडावर होती, रोज कुठे ना कुठे सत्कार चालू होते. जीप गेली आणि मग तुझा धाकटा भाऊ अशोक आला. काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि नुसतं "पांढरं" म्हणाला. पुढाऱ्यांना मयत आधी कळतं, मित्रांना मागून.

तू कशानं गेलास, किती शिकलेला होतास, कुठकुठल्या उत्खननात होतास हे पेपरात आलंय. फोटोही आलाय, टाय लावलेला. तू टाय कधी लावलास ते मला माहीत नाही, बहुतेक फोटोवाल्यानं लावला असेल. खाली 'थोर संशोधक, तालुक्याचे भूषण' असं लिहिलंय. जिवंत होतास तोवर तालुक्याला भूषणाची गरज पडली नव्हती.

आमच्या दुकानाची रीत तुला ठाऊक होती. मयताच्या कापडाला कात्री लावायची नाही, ते हातानं फाडायचं. कागदात बांधायचं नाही. आणि गिऱ्हाईक पायरी उतरताना 'या पुन्हा' म्हणायचं नाही. "जगातल्या सगळ्या विधींत हा एवढाच अक्कलवाला," तू म्हणायचास. त्या सकाळी मी तुझं कापड फाडलं. तो आवाज मी वडिलांच्या वेळेपासून ऐकत आलोय, पण त्या दिवशी तो फार मोठा झाला. अशोकच्या खांद्यावर घडी ठेवली आणि रीतीप्रमाणे गप्प राहिलो.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो उन्हाळा होता. नव्वद साल उलटलं होतं. कपाळाला आठ्या, हातात भिंग. मांजरपाट, खादी, धोतराचं सूत, मलमल, प्रत्येकातलं वीतभर कापड मागितलंस. मी म्हणालो, वीतभर कापड आम्ही विकत नाही. तू माझ्याकडे न बघता भिंगातून मांजरपाटाचे धागे बघत म्हणालास, "मयताचं म्हणून फाडा. तुमच्या दुकानाचं कापड आमच्या घरी लई यायचं, शेट. फक्त मधी एक मयत असायचं."

मला कळायला वेळ लागला. तू थांबून कळू दिलंस, आणि मग तुझ्या पद्धतीनं, वर्गात शिकवल्यासारखं सांगितलंस. गावातल्या मयतावर सोयरेधायरे कापडं घालायचे, सरणावर ठेवायच्या आधी ती काढायची, आणि काढलेली कापडं उचलायची तुझ्या आजोबांनी. त्याला गाव 'हक्क' म्हणायचं. आजी ती धुऊन त्यांची पांघरुणं शिवायची, पोरांचे सदरे शिवायची. शाळेत तू पहिल्यांदा नवा सदरा घालून गेलास तर शेजारच्या बाकावरचं पोरगं सदऱ्याचा काठ चिमटीत धरून म्हणालं, "आमच्या आज्याला हेच घातलं व्हतं." आणि तसंच होतं. खोटं बोलत नव्हतं बिचारं.

मग छप्पन साल आलं. तुमच्या आळीनं धम्म घेतला. त्यानंतर गावात पहिलं मयत झालं तेव्हा तुझ्या वडिलांना बोलावणं आलं, आणि ते दारातच उभे राहून म्हणाले, "आमी सोडलंय ते." एवढंच. ना भाषण, ना घोषणा. गाव चिडलं. चालत आलेला हक्क सोडणारा माणूस गावानं तोवर पाहिला नव्हता. घरात त्या थंडीत पांघरूण कमी पडलं, हेही तू सांगितलंस, पण हसत सांगितलंस.

"आणि आता तुम्ही काय करता?" मी विचारलं होतं. तेव्हा आपण एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो.

"मयताचीच कापडं गोळा करतो," तू म्हणालास. "आता पगारी."

ती वीतभर कापडं तू तांब्याच्या तारेला आणि वळ्यांना गुंडाळून तुझ्या परसात पुरलीस. काही नुसतीच पुरलीस, तांब्याशिवाय. सुमनवहिनी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "भाऊजी, मेथी लावायला जागा न्हाई आन् यांनी चिंध्या पेरल्यात. उगवल्या की पयल्या तुमाला देते." उगवल्या नाहीत, पण पावसाळे गेल्यावर उकरल्यास तेव्हा नुसत्या पुरलेल्या कापडाची माती झालेली होती. तांब्याला लागून असलेला तेवढा हिरवट तुकडा धाग्यासकट शाबूत. तू तो माझ्या काउंटरवर ठेवलास आणि धान्याचा भाव सांगावा तसं सांगितलंस. तांब्याला गंज चढतो, तो गंज विषारी असतो, कापड खाणारे किडे आणि बुरशी त्याच्या आसपास जगत नाहीत. म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या मढ्याचं कापड सापडतं ते फक्त बांगडीखाली, अंगठीखाली, जिथं तांबं अंगाला टेकलेलं असतं तिथं. नखाएवढं.

"म्हणजे ज्यांच्या अंगावर तांबं होतं त्यांचंच," मी म्हणालो.

"त्यांचंच. बाकीचे काय नागवे नव्हते गेले. पण आता आम्ही पुस्तकात लिहिणार, अमुक काळातल्या लोकांचं कापड असं होतं. लोकांचं नव्हे, दागिनेवाल्यांचं." आणि मग माझ्या मागच्या शेल्फाकडे बघून, "तुमच्यासारखंच. भारी माल पुढं, बाकीचा आत."

त्याच वर्षांत घोडनदीकाठी, आंबेगावच्या हद्दीत, कालव्याच्या खोदाईत ते रांजण निघाले. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत तान्ह्या पोराची हाडं, आणि हाताशी एक बारीक तांब्याचं वळं. वळ्याच्या आतल्या अंगाला कापड. पुण्याहून मोठे साहेब आले, त्यांनी त्या कापडाकडे आणि वळ्याकडे बघितलं, आणि जमलेल्या पत्रकारांना सांगितलं, हे पोर उच्च कुळातलं असावं. 'असावं' पेपरात पोचेपर्यंत गळून पडलं. गावात पोचेपर्यंत पोराचा राजकुमार झाला होता.

तू त्या नखाएवढ्या तुकड्यावर महिनोन् महिने भिंग लावून बसलास. कॉलेजच्या सुट्ट्या गेल्या, तुझा स्वभाव मुळात वाईट होता तो आणखी बिघडला. आणि मग एका दुपारी दुकानात येऊन, चहा मागवायच्या आधी, कागदावर चित्र काढून दाखवलंस. कापडाचे मूळ धागे तुटलेले, आणि त्या तुटलेल्या जागेत दुसरा, जरा जाड धागा वरखाली वरखाली ओढून भोक भरलेलं. रफू. कुणीतरी ते कापड वापरून झिजवलं होतं, फाटल्यावर दुरुस्त केलं होतं, पुन्हा वापरलं होतं, आणि मग त्यात पोर गुंडाळलं होतं.

"आईचं जुनं लुगडं," तू म्हणालास.

"आईचं कशावरून? लुगडं कशावरून?"

"बरं. कुणाचं तरी जुनं. राजाच्या घरी रफू करतात का, शेट?"

"राजाच्या घरी सगळ्यात जास्त करतात. फक्त दाखवत नाहीत."

तू हसलास, पण तुला राग आला होता. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि तुझ्या मरणापर्यंत चाललं. माझं म्हणणं साधं होतं. मी आयुष्यभर मयताचं कापड विकलंय. ते घेणारा माणूस मेलेल्याच्या मापानं घेत नाही, बघणाऱ्यांच्या मापानं घेतो. सासरचे माहेरच्यांकडे बघून घेतात, माहेरचे सासरच्यांकडे. ज्या म्हातारीला हयातीत धड लुगडं मिळालं नाही तिच्या अंगावर पैठणीच्या काठाचं पडलेलं मी पाहिलंय. तेव्हा कबरीतल्या कापडावरून मेलेल्याची पत काढणं म्हणजे वरातीच्या घोड्यावरून नवऱ्याचं शेत मोजणं. तू म्हणायचास, हे सगळं मान्य, पण मग रफू? रफू कुणाला दाखवायला कुणी घालत नाही. जिथं रफू आहे तिथं दिखावा नाही. तिथं दुसरं काहीतरी आहे. ते दुसरं काय, हा शब्द तू कधी उच्चारला नाहीस. शास्त्रात बसत नाही म्हणायचास.

रांजण निघाले त्या गावानं रस्त्यावर कमान बांधली. कमानीवर सिमेंटचा राजकुमार, घोड्यावर. ज्या पोराला दात आले नव्हते त्याला मिशा काढल्या. स्मारक समिती झाली, समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी कमानीच्या उद्घाटनाला तुला बोलावलं, कारण 'डॉक्टर' स्टेजवर असावा लागतो. मी तुझ्याबरोबर आलो होतो. तू तो निळा स्वेटर घालून गेलास, वहिनींनी विणलेला. उत्खननाच्या एका खड्ड्यात खुंटीला अडकून त्याचं कोपर फाटलं होतं आणि घरात निळी लोकर नव्हती म्हणून वहिनींनी विटकरी लोकरीनं भरलं होतं. मी दुकानातला नवा दिला होता. तू म्हणालास, "ह्यानं ऊब येते. नव्यानं पाहुण्यासारखं वाटतं."

स्टेजवर तू माइक धरलास आणि शांतपणे सांगितलंस की हे पोर घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं, जसं त्या काळात घरोघर पुरत. त्याच्या हातात एक वळं होतं आणि अंगावर कुणाचंतरी रफू केलेलं जुनं कापड. राजवाड्याचा एकही दगड इथे सापडलेला नाही. हे गरिबाघरचं नसेलही, पण राजाचं आहे असं म्हणायला आधार नाही. अध्यक्ष उठले, गोड आवाजात म्हणाले, "सर, आमच्या गावाला राजा झालेला तुमाला बघवंना व्हय?" लोक हसले. 'तुमाला' या शब्दावर त्यांनी किती जोर दिला ते तुला कळलं, मला कळलं, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला कळलं. राजकुमाराला जुन्या लुगड्यात गुंडाळणारा माणूस कुठल्या आळीतून आलाय ते त्यांना आठवलं होतं.

परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत बसलास. नारायणगाव मागे पडल्यावर म्हणालास, "शाल नाही दिली रे. बाकी सगळ्यांना दिली." आणि मोठ्यानं हसलास. मला हसू आलं नाही. छापलेल्या अहवालात तुझा रफू एका तळटिपेत आला, 'संभाव्य' हा शब्द लावून. तू त्यानंतर शिकवत राहिलास, विद्यार्थ्यांवर ओरडत राहिलास, पण उत्खननाला कुणी बोलावलं नाही.

आपल्या शेवटच्या भांडणात मी तुला म्हणालो होतो, "समज रफूच आहे. तरी त्यातून माया कशी निघते? पोर मेलं, चांगलं कापड कशाला मातीत घालायचं, फाटकं होतं ते दिलं. मीही दुकानात हेच बघतो." तू उठलास. पायरीवर थांबून म्हणालास, "तुला कापड कळतं. शिवणारं न्हाई कळत." पुढच्या आठवड्यात पुन्हा आलास, पण त्या विषयावर नाही, आणि मग आजारच आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. अजून आहे.

आता मयताचं सांगतो, कारण तू तिथे असून नव्हतास.

तुमच्या गावच्या मसणवट्यात, तुमच्याच बाजूच्या. लांब खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या त्या पांढऱ्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. अशोकनं, आळीतल्या माणसांनी तुला पांढऱ्यात ठेवलं होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग जीपगाड्या आल्या. सभापती, सरपंच, आणि ते राजकुमाराचे अध्यक्ष, आता जिल्हा परिषदेला उभे. प्रत्येकानं शाल घातली, प्रत्येकाचा फोटो निघाला. एकाचा फोटो नीट आला नाही तर त्या पुढाऱ्यानं पुन्हा घातली. तुझ्या अंगावर डोंगर झाला. ज्या शालीवरून तू एसटीत हसला होतास ती शेवटी तुला मिळाली, आणि अंगाला लागलीही नाही, मधे पांढरं होतं.

चितेवर घ्यायच्या वेळी सरण रचणारा म्हणाला, शाली काढा, हे जळत नाही, चिकटतं. काढल्या. बाजूला ढीग झाला. सगळे त्या ढिगाकडे बघत उभे. तेव्हा अध्यक्ष अशोकला म्हणाले, अगदी मायेनं, "अशोकराव, ह्या घिऊन जावा घरी. चांगल्या हाइत. पयल्यापासनं तुमच्याकडंच जातंय ना हे."

मला वाटतं, तो माणूस दुष्टपणे बोलला नाही. तेच वाईट. त्याला खरंच वाटलं की तो देतोय.

वहिनी बायकांच्या घोळक्यात होत्या. पदर डोक्यावरून सारखा करत पुढं आल्या आणि म्हणाल्या, "आमी सोडलंय ते."

मिलिंद, तू मला ते वाक्य सांगितलं होतंस म्हणून मला कळलं. आळीतल्या म्हाताऱ्यांना कळलं, त्यांनी माना वर केल्या. अध्यक्षांना कळलं नाही. ते म्हणाले, "वैनी, आवं राहू द्या, मानाच्या हाइत." वहिनींनी पुन्हा तेच म्हटलं, आवाज न चढवता, आणि मागं वळल्या. त्या शाली शेवटी जीपच्या मागच्या सीटवर परत गेल्या. निवडणुकीत पडलेल्या माणसासारख्या, कुणी बघत नसताना.

चार-सहा दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. खुंटीवर तुझी पिशवी होती, भिंग होतं, स्वेटर नव्हता. मला तो हवा होता असं नाही. पण मी विचारलं.

"अंगात घातला त्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "आंघूळ घालून झाल्यावर अशोकभाऊजींकडं दिला. आतनं स्वेटर, वरनं तुमचं पांढरं. कुणाला दिसला न्हाई."

"नवं काही नव्हतं का घरात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं तू बघायचास, ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं. "व्हतं की. ट्रंकेत कोरा पडलाय, तुमीच दिलेला. त्यात झोप लागली असती का त्यांना?"

चहा झाला. मी निघालो. तुमच्या परसातून जाताना, जिथं तू चिंध्या पेरल्या होत्यास तिथं मेथी आलेली होती.

तर भांडणाचा निकाल असा लागला. कापड बघणाऱ्यांसाठी असतं, हे माझं म्हणणं शालींपुरतं खरं. बाकी तू जिंकलास. पण जिंकून काय मिळवलंस ते बघ. तुझ्या अंगावर तांबं नव्हतं. स्वेटरची बटणंही प्लॅस्टिकची. त्यातून माती नाही, आग. विटकरी लोकर त्याच संध्याकाळी गेली. आणि त्या शाली? त्या कुणी घेईना, परत वापरता येईनात, म्हणून स्मारक समितीनं त्या आपल्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवल्यात, रांजणाच्या प्लास्टरच्या नकलेशेजारी. वर पाटी आहे, थोर संशोधकांच्या अंत्यदर्शनाच्या शाली. मी स्वतः बघून आलो. पॉलिस्टर कुजत नाही, तुला माहीतच आहे. कधीतरी ते कार्यालय पडेल, वर माती चढेल, आणि कुणी तुझ्यासारखा चिडका माणूस ते उकरेल, तेव्हा त्याला शालींचा ढीग सापडेल, जरीसकट, धागान् धागा शाबूत. तो लिहील, हा माणूस राजघराण्यातला असावा. आणि 'असावा' वाटेत गळून पडेल.

त्याला खोडायला तू नसशील. म्हणून मी इथे मांडून ठेवतो, कापडाच्या व्यापाऱ्याच्या खात्रीनं. ज्याच्या नावानं त्या शाली आहेत, त्याच्या अंगाला त्यातली एकही लागली नव्हती. तो गेला तेव्हा त्याच्या अंगात निळा स्वेटर होता, कोपराला विटकरी लोकरीचा रफू होता, आणि तो कुणाला दाखवायचा नव्हता.